टिटवीची ओळ

टिटवीची ओळ पुसली आणि सरासरी सुधारली.

ताई पडद्याकडे बघतच राहिली. मांडीवर लॅपटॉप, समोर दवाखान्यातला पलंग आणि पलंगावर गोळीच्या गुंगीत झोपलेली धाकटी बहीण. लांबलचक पाय आणि तोंडाची अखंड टकळी, म्हणून सगळे तिला टिटवी म्हणायचे. आता टकळी बंद होती आणि उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. काल शर्यतीच्या चाचणीत ती लंगडत लंगडत सगळ्यांच्या शेवटी आली होती आणि रेषा ओलांडून तिथंच कोसळली होती. नडगीच्या हाडाला तडा आधीचाच होता, डॉक्टर म्हणाले. काल हाड पुरतं मोडलं. चालेल ती, पण पळायचं आता विसरा.

ताई पळणाऱ्यातली नव्हती, मोजणाऱ्यातली होती. पदवीच्या अभ्यासासाठी ती बहिणीच्याच संघाच्या वेळा नोंदवायची. मुली तिला कॅल्क्युलेटर म्हणून चिडवायच्या, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. प्रशिक्षकांनी सरावातली विश्रांती पार बंद केली होती, आणि त्यानं वेग वाढतो का हे ताई तपासत होती. वाढत होता! दर चाचणीला संघाची सरासरी वेळ कमी. टिटवी मध्यंतरी नडगी दुखते म्हणाली, तेव्हा ताईनंच तिला झापलं होतं. सगळ्यांचं सुधारतंय, तुझंच काय रडगाणं?

मघाशी प्रशिक्षकांचा फोन आला होता. आधी चौकशी केली, मग हळूच तक्त्याचं विचारलं. उद्या छोट्या गटाच्या पालकांना तो दाखवायचा होता. आठ-नऊ वर्षांची पोरं, त्यांनाही हाच सराव लागू व्हायचा होता. जखमी मुलीची ओळ नेहमीसारखी काढून टाक, म्हणाले. ताईनं काढली.

आणि सरासरी दोन सेकंदांनी सुधारली. कुणीही जागचं हललं नव्हतं. तिकडे मैदान रिकामं होतं, इकडे टिटवी घोरत होती, आणि संघ मात्र दोन सेकंदांनी वेगवान झाला होता.

ताईनं पहिल्या चाचणीची फाईल उघडली. तेव्हा मुली होत्या बावीस. आता उरल्या होत्या तेरा. घोटा गेला, गुडघा गेला, एकीला चक्कर येऊ लागली, की तिची ओळ जायची. ताई खाली फक्त सरासरी लिहायची. किती जणींची, ते लिहायला तिला कधी सुचलंच नव्हतं. आता तिनं उरलेल्या एकेकीची कालची वेळ तिच्याच पहिल्या वेळेशेजारी ठेवली. एकीचीही कमी झाली नव्हती. दोघींची जेमतेम तेवढीच, बाकीच्यांची वाढलेली. वर्गातल्या ढ मुलांना परीक्षेला बसवलंच नाही तर वर्ग हुशार दिसणारच, तशातली गत.

तिनं प्रशिक्षकांना फोन लावला. “सर, एकाही मुलीचा वेग वाढलेला नाही. मागे पडणाऱ्या तेवढ्या आपण काढत गेलो.”

ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “अगं, पण सरासरी सुधारली ना?”

ताईनं फोन ठेवला. पुसलेली टिटवीची ओळ तिनं परत घातली. मग घोट्यावाली, गुडघ्यावाली, चक्कर येणारी, एकेकीला शोधून आणलं. कालच्या वेळेच्या रकान्यात त्यांच्यासमोर काही नव्हतं. ते तसंच रिकामं ठेवलं. उद्या पालकांना हाच तक्ता दिसणार होता, मग पदवी गेली खड्ड्यात.

फोनच्या आवाजानं टिटवी जागी झाली होती. ओठ सुकलेले. ताईनं चमच्यानं पाणी पाजलं. तिनं आधी पडद्याकडे पाहिलं, मग ताईकडे.

“बिघडली का गं तुझी सरासरी?”

ताईनं मान हलवली. नाही म्हणाली की हो, तिचं तिलाच कळलं नाही.

“मला चार दिवस धड उभंही राहवत नव्हतं,” टिटवी म्हणाली. “पण म्हटलं, मी बसले तर तुझा सगळा अभ्यास वाया जाईल. म्हणून पळाले.”

ताईनं लॅपटॉप मिटला. टिटवी नुसती बसून राहिली असती, तरी सरासरी सुधारलीच असती.