सहा कार्नेशन

रादोस्तिनच्या मागच्या काव्यवाचनाला चार माणसं आली होती. त्यातली एक त्याची आई आणि दुसरा कुलूप लावायला थांबलेला शिपाई. म्हणून पहिल्या संग्रहाच्या प्रकाशनाची जाहिरात त्याने एकदम आधुनिक केली: पांढरा कागद, काळी चौकट, स्वतःचा गंभीर फोटो, खाली नाव, वार, वेळ आणि वाचनालयाचा पत्ता. बस्स. लहानपणच्या गल्लीत जाऊन प्रत्येक खांबावर, दारावर तो ती चिकटवून आला.

"अरे शहाण्या, तिथे मेलेल्यांची अशीच काळ्या चौकटीची पत्रकं लावतात!" आई करवादली.

"म्हणूनच तर! अख्खं प्लोवदिव शहर थांबून वाचतं ती."

शनिवारी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या हातात फुलं, मागे दोघी-तिघी तर डोळे पुसत होत्या. एकही ओळ न ऐकता लोक एवढे हेलावले, या विचाराने रादोस्तिनचा ऊर भरून आला आणि तो पडद्याआडून पुढे आला. त्याबरोबर सभागृहात एकच किंकाळी उठली.

पहिल्या रांगेत बसलेल्या, गल्लीतल्या पेन्का काकूंच्या हातात सहा लाल कार्नेशन होती. सम संख्येत फुलं फक्त मेलेल्याला वाहतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. काकूंनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं, एक फूल काढून पर्समध्ये टाकलं आणि उरलेली पाच त्याच्या हातात कोंबली.



"जिवंत आहेस होय मेल्या! म्हणजे आता कविता ऐकाव्या लागणार."