झाकण

जादूविद्येच्या गुप्त पंथांचे दीक्षाविधी अभ्यासण्यात प्राध्यापकांचं आयुष्य गेलं होतं. आज त्यांची स्वतःची दीक्षा होती. डोळ्यांवर पट्टी बांधून शवपेटीत मरायचं आणि नव्याने जन्मायचं. मात्र आपलं माणूस रडल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. पंथाने कधीच सोडलेली ही अट प्राध्यापकांनीच हट्टाने परत आणली होती.

"रडायला कोणाला आणलंत?" पंथप्रमुखाने विचारलं.

"बायकोला. तिला रडण्याशिवाय दुसरं येतंय काय?" म्हणत प्राध्यापक हसतच आडवे झाले.

झाकण बसलं. मेणबत्त्या अर्ध्यावर आल्या. आतून आधी ठोठावणं ऐकू आलं, मग हाका.

"बाई, रडा ना आता!" प्रमुख घाबरला.

तिने मांडीवरची पर्स सरळ केली.

"हे नेहमी म्हणतात ते खरंय बघा. मला एक काम धड जमत नाही."