चार पाण्यांनी

म्हातारीने पिशवीची गाठ सोडली, चिमूटभर कच्चे तांदूळ तोंडात टाकले आणि जायला वळलेली नूपुर थांबली.

"काय वास आहे गं!" शोभाआजी चावता चावता म्हणाली. "आणि हे बघ, पीठसुद्धा अजून अंगावर आहे. थेट गिरणीतून आलेला दिसतोय." तिने पांढरी झालेली बोटं कौतुकाने दाखवली.

ते पीठ नव्हतं, बोरिक पावडर होती. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको. वर्षाचा तांदूळ भरायचा तर कीड लागू नये म्हणून बोरिक चोळायचं आणि शिजवायच्या आधी चार पाण्यांनी खळखळून धुवायचं. नूपुरच्या आईने कोलकात्यातल्या न्यू टाउनच्या फ्लॅटमध्ये आंबेमोहोराचं पिंप असंच भरलं होतं. मग बाबांची बँक त्यांना नागपूरला पाठवायला निघाली, आणि पिंप रिकामं करायच्या नेमक्या वेळी शाळेची धान्य-मोहीम आली. आईने पिवळ्या फुलांची जुनी चादर फाडून पाच पिशव्या शिवल्या, प्रत्येकीत दोन किलो तांदूळ भरला आणि प्रत्येकीला सेफ्टी पिनेने चिठ्ठी लावली: बोरिक लावलंय, चार पाण्यांनी धुवा.

"मैत्रिणीकडून खाली बंगालीत लिहून घे हं," ती म्हणाली होती. "विसरशील नाहीतर, नेहमीसारखी."

नूपुर विसरली नव्हती. विसरली असती तर बरं झालं असतं. शाळेत वजनाच्या टेबलावर नियमांचा कागद चिकटवलेला होता: औषध लावलेलं धान्य मोजलं जाणार नाही. नववी 'अ' सहा किलोंनी पुढे होती आणि नूपुर होती नववी 'ब'ची प्रमुख. रांग टेबलापाशी पोचेपर्यंत पाचही चिठ्ठ्या तिच्या कंपासपेटीत गेल्या. तांदूळ धुतातच की सगळे, असं तिने स्वतःला बजावलं. नववी 'ब' चार किलोंनी जिंकली. वर्गाने तिला उचलून घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं.

आणि आज शनिवारी सकाळी सियालदह स्टेशनमागच्या या गल्लीत वाटप संपत आलं होतं. बस कोपऱ्यावर उभी होती. मिस फोटोसाठी हाका मारत होत्या.

"आजी, चार पाण्यांनी धुवा हं तो," नूपुर बंगालीत म्हणाली.

"चार?" शोभाआजीला हसूच आलं. तिने दाराशी झाकून ठेवलेली बादली दाखवली. "हे संध्याकाळपर्यंतचं. प्यायचंही त्यातलंच. तुमच्याकडे दिवसभर नळ येत असेल, बाळ."

तिने टोप पुढे ओढला आणि त्यात तांदूळ ओतायला घेतला. नूपुरने पिशवीचं तोंड धरलं.

"ते पीठ नाहीये, आजी. औषध आहे. किड्यांचं."

म्हातारीने तोंडातले दाणे थुंकले. ती चिडली नाही. पदराने ओठ पुसून म्हणाली, "हे देताना सांगायचं असतं."

"चिठ्ठी होती."

"मग कुठाय?"

नूपुरने सॅक पुढे घेऊन कंपासपेटी उघडली. चिठ्ठ्या आणि पिना कोनमापकाखाली तशाच होत्या. शोभाआजीला वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं.

"पाच?" ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

ती दारोदार ओरडत गेली. "ए, फुलांची पिशवी कुणाला मिळाली? फुलांची पिशवी! ती घेऊन या!" नूपुर मागोमाग चालत राहिली. गळ्यातला शाळेचा निळा पट्टा तिला काढून टाकावासा वाटत होता. बायका पिशव्या घेऊन बाहेर आल्या. आजी दोन शब्दांत सांगायची, आणि त्या पिशवी नूपुरच्या पायाशी ठेवून आत जायच्या. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर तिला सोसली असती.

मिस फोन उंच धरून येतच होत्या. "नूपुर, इकडे सगळे खोळंबलेत! हे परत का देतायत?"

"मी चिठ्ठ्या काढल्या, मिस. तांदळाला बोरिक होतं. वजन भरावं म्हणून काढल्या."

मिसनी फोन खाली घेतला.

"माझी धरून चार झाल्या," शोभाआजी म्हणाली. "पाचवी कुणाची?"

गल्लीच्या पार टोकाकडून, जिथे वाटप सगळ्यात आधी झालं होतं तिथून, एक तरुण बाई लगबगीने आली. तिच्या एका कडेवर दीडेक वर्षाची मुलगी होती आणि दुसऱ्या हातात पिवळ्या फुलांची ओली पिशवी, नीट पिळलेली.

"पिशव्या परत मागताय ना?" ती धापा टाकत म्हणाली. "तांदूळ डब्यात काढला. पिशवीला पांढरं पांढरं लागलं होतं, म्हणून धुऊन आणली. दोनदा धुतली."

"आणि तांदूळ?" नूपुरने विचारलं. "तांदूळ धुतलात?"

"छे! इतका सुरेख वास, तो धुऊन कशाला घालवायचा? हिने तर दोनदा मागून खाल्ला."

कडेवरच्या मुलीने गालाला चिकटलेलं भाताचं शीत बोटाने सोडवलं, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, आणि हात लांब करून ते नूपुरच्या तोंडापुढे धरलं.