कुमुदचं विरजण

दिगंबरनं पातेल्यावरची ताटली उचलताच पेट्रोलचा भपकारा आला. कारखान्यात तो पेट्रोल बनवणारे जंतू वाढवायचा. काल दमून आल्यावर त्यानं हात न धुताच दूध विरजलं होतं. जंतूंनी सगळं दही खाऊन त्याचं पेट्रोल केलं होतं.

त्याच्या बायकोनं, कुमुदनं लग्नानंतर माहेराहून आणलेलं ते विरजण. ती वारली, तरी घरात रोज तिचंच दही लागत होतं.

शेजारी ती नेहमी विरजण द्यायची. दिगंबर वाटी घेऊन धावला, तर उषावहिनी रिकामी वाटी घेऊन दारातच भेटल्या.

"भावजी, आमचं संपलं. तुमच्याकडेच निघाले होते."

तो परतला. उंबऱ्याशी जुन्या सवयीनं थबकला. "आधी हात धुवा!" असं आतून कुणीच ओरडलं नाही.