पाठमोरी

दुसऱ्या दिवशी ओमानमधल्या सोहारच्या चर्चमध्ये लुसीच्या आत्म्यासाठी प्रार्थना होती आणि तिथे ठेवायला जेनेटला आईचा एक हसरा फोटो हवा होता.

"पासपोर्टवरचा नको, पप्पा. त्यात मम्मी रागावल्यासारखी दिसते. तुमच्या त्या कबरींजवळचा द्या. तिथे ती खूश असायची."

युस्टेसने लॅपटॉप उघडला. ओमानच्या डोंगरांतल्या पुरातन दगडी कबरींचे फोटो काढण्यात त्याची अर्धी हयात गेली होती आणि जवळजवळ प्रत्येक फोटोत लुसी होती. कबर केवढी उंच आहे ते कळावं म्हणून शेजारी माणूस उभा करायचा, ही रीत त्याने फार पूर्वी मध्य अमेरिकेच्या जंगलात शिरून तिथल्या प्राचीन माया लोकांच्या देवळांचे फोटो काढणाऱ्या एका संशोधकाकडून उचलली होती. शेजारी उभ्या केलेल्या माणसाने मात्र कबरीकडे तोंड करूनच उभं राहायचं. चेहरा दिसला, की बघणाऱ्याची नजर दगडांवर ठरत नाही.

"मी तुझी बायको आहे की फूटपट्टी रे?" भर उन्हात उभी राहून लुसी विचारायची.

एकेक फोटो सरकत गेला. लुसीची पाठ, वाऱ्यावर उडणारे तिचे केस, मग तेच केस हळूहळू पांढरे होत गेलेले.

"पप्पा, इतक्या वर्षांत मम्मी एकदाही मागे वळली नाही?"

"वळायची ना, बाळा," युस्टेस म्हणाला. "दर वेळी वळून हसायची. मग मी तो फोटो पुसायचो आणि तिला परत उभी करायचो."