हडळीचं काय राहिलं

माझी सून क्रांती महिनाभर कामापुरतंच बोलत होती. एक दिवस माहेरी जाईल आणि परत येणार नाही, अशी धास्ती मला लागली. जरा हसेल म्हणून तिला सिनेमाला नेलं, तर तो निघाला हडळीचा.

मध्यंतरात बाहेर येऊन पॉपकॉर्न खाताना मी म्हटलं, "मागच्या खेपेचा, उडत्या घोड्याचा बरा होता. ही नुसतीच किंचाळतीया."

"हडळ किंचाळणारच की, आत्ती."

"व्हय, पण घरच्यांनी तीन मांत्रिक आणले. एकानं तरी विचारलं का, बाई, तुझं काय राहिलंय? आपल्यात दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तर हात जोडून मेलेल्याला तेवढंच विचारत्यात. त्याची इच्छा पुरी करतो म्हटलं की शिवतोय कावळा."

"मेल्यावरच विचारत्यात व्हय?"

घंटा झाली. लोक आत गेले. मी तिथंच थांबले.

"न्हाय. आता सांग."

"वारणानगरच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष," क्रांती म्हणाली. "लग्नात राहिलंय."