ताईबाईचा रोजचा प्रश्न

बेचाळीस साल होतं. कुंदाबाईचा नवरा तुरुंगात, त्याचे फरारी सोबती कपाशीच्या शेतात. त्यांच्या भाकरी थापून तिचे खांदे भरून यायचे. शेजारची ताईबाई रोज संध्याकाळी भिंतीवरून विचारायची, “आज काय रांधं वं?”

“एकटीनं काय रांधू, अक्का? भाकर नि मिरची.”

एका संध्याकाळी पोलीस जमादार ताईबाईच्या दारात आला. “शेजारीण किती भाकरी थापते?”

“नवरा धरी लयी गयात, तैपासून तिनी चूल पेटनी नही. मन्हाकडेच जेवस ती.”

जमादार गेला. पिठाचे हात तसेच धरून कुंदाबाई भिंतीशी उभी होती.

“आते तुन्हा घरना धूर दिसाले नको,” ताईबाई म्हणाली. “पीठ इकडे दे, नि जराशी पड. कपाशीमा किती जन शेतस, तितलं सांग.”